गोष्टीचं अंगडं-टोपडं

शार्ल पेरोच्या निद्रिस्त राजकन्येच्या गोष्टीतला एक तपशील मुलांच्या संक्षिप्त पुस्तकांतून हमखास गळतो. शंभर वर्षांची झोप संपलेली असते. राजपुत्र राजकन्येला हात देऊन उठवतो. ती नखशिखान्त सजलेली असते, पण तिचा पोशाख आपल्या आजीच्या काळातला आहे, गळ्याशी उंच पट्टी उभी आहे, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. तो मनातल्या मनात ते टिपतो आणि तिला मात्र कळू देत नाही. मला ही जागा फार मोलाची वाटते. शंभर वर्षं म्हणजे किती, हे लहान मुलाला आकड्यावरून उमगत नाही. आजीच्या ट्रंकेतल्या कपड्यावरून लगेच उमगतं.

पेरोचं पुस्तक १६९७ मध्ये पॅरिसला निघालं. तो चौदाव्या लुईच्या दरबारी कारभारात वावरलेला माणूस. त्याच शहरात १६७२ पासून ‘मर्क्यूर गालाँ’ नावाचं नियतकालिक निघत होतं आणि १६७८ पासून त्यात नव्या पोशाखांची कोरीव चित्रं छापली जात होती. फॅशनची पत्रकारिता आणि छापील परीकथा अशा एकाच गावात, एकाच पिढीच्या देखत वाढल्या. म्हणून त्याच्या सिंड्रेलात सावत्र बहिणी मेजवानीला काय घालायचं यावर चर्चा करतात. एक लाल मखमलीचा झगा काढते, दुसरी सोनेरी फुलांचा अंगरखा. केस बांधायला कारागीर बोलावला जातो. आणि सल्ला विचारायला त्या येतात सिंड्रेलाकडेच, कारण घरात कपड्यातलं खरं कळतं ते तिला. कपड्यांना इस्त्री करणारीही तीच.

लहान मुलांच्या जुन्या गोष्टींना फॅशनच्या नजरेनं चित्रं काढण्याचा प्रकार आज बराच दिसतो. ॲलिस, लाल टोपीवाली मुलगी, हिमगौरी यांना नव्या धाटणीचे कपडे चढवून पानंच्या पानं रंगवली जातात. त्यातलं काही सुंदर असतं, बरंचसं नुसतं झुळझुळीत. हा फरक कुठून येतो हे शोधत मी जुन्या चित्रांकडे वळले, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. टाका कुठे पडतो, चूण कुठून सुटते, बटण उघडल्यावर काय होतं, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या चित्रांतली माणसं, आणि उंदीरसुद्धा, जिवंत राहिली. अशा दोन बाया इंग्लंडात होऊन गेल्या. एकीची आई मुलांचे कपडे विकायची. दुसरीचा आजा कापड छापायचा.

पहिली केट ग्रीनवे. जन्म १८४६ चा, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. वडील जॉन ग्रीनवे लाकडी ठसे कोरणारे कारागीर. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’सारख्या पत्रांची चित्रं त्यांच्या हाताखालून जात. एका मोठ्या कामात प्रकाशकाचं दिवाळं निघालं, घरात येणारा पैसा बुडाला आणि आई एलिझाबेथनं इस्लिंग्टनमध्ये दुकान थाटलं. मुलांचे कपडे, लेस, टोप्या, शिवणकामाचं किडुकमिडुक असा माल. ते दुकान चाललं आणि घरही त्यावर चाललं. एका बाजूला लाकडाचे कपचे, दुसऱ्या बाजूला कापडाच्या चिंध्या, अशा घरात ही मुलगी वाढली.

तिचं लहानपण जिथं जिथं गेलं त्यात नॉटिंगहॅमशरमधलं रोलस्टन हे खेडं महत्त्वाचं. तिथं नातेवाइकांच्या ओळखीच्या शेतकरी कुटुंबात ती राहायची. खेड्यातले लोक नवी फॅशन उशिरा घेतात आणि जुनी उशिरा टाकतात. लंडनमध्ये जे कपडे दोन पिढ्यांमागे गेले होते ते रोलस्टनच्या म्हाताऱ्यांच्या अंगावर अजून होते. शेतात घालायचे चुणीदार सैल स्मॉक, चेहऱ्यापुढे पन्हाळीसारखी येणारी बॉनेटं, खांद्यावरून छातीवर बांधलेले रुमाल. हे सगळं तिनं पाहून ठेवलं.

बाराव्या वर्षी ती फिन्सबरीच्या कलाशाळेत गेली. ही शाळा साउथ केन्सिंग्टनच्या अभ्यासक्रमावर चालायची. त्याच पठडीचा अभ्यासक्रम आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्येही आला. घोटून घोटून नक्षी काढायची, भूमिती पक्की करायची, हाताला शिस्त लावायची. केटनं ती शिस्त घेतली. पुढे नाताळची आणि व्हॅलेंटाइनची भेटकार्डं काढू लागली तेव्हा तिनं एक पद्धत धरली, ती तिच्या सगळ्या कामाची किल्ली आहे. चित्रात जो झगा काढायचा तो ती आधी शिवायची. जुन्या बेताचा झगा स्वतः बेतायचा, शिवायचा, समोर बसवलेल्या मुलीच्या नाही तर लाकडी पुतळ्याच्या अंगावर घालायचा आणि मग कागद पुढे ओढायचा.

१८७९ मध्ये तिचं पहिलं मोठं पुस्तक ‘अंडर द विंडो’ आलं. गाणी तिचीच, चित्रं तिचीच. छापणारा एडमंड इव्हान्स. लाकडी ठशांवरून रंगीत छपाई करणारा त्या काळातला सर्वांत कसबी माणूस. त्यानं पहिल्याच खेपेला २०,००० प्रती काढल्या. नवख्या चित्रकर्तीच्या सहा शिलिंगांच्या पुस्तकाच्या एवढ्या प्रती छापल्याबद्दल प्रकाशक रूटलेज त्याला हसले. प्रती दुसऱ्या छपाईची वाट न पाहता संपल्या आणि इव्हान्सनं आणखी ७०,००० छापल्या. त्याची रीत अशी, की मूळ चित्राचा फोटो लाकडावर घ्यायचा, त्यावरून रेषा कोरायच्या, मग लाल, निळा, पिवळा आणि त्वचेचा फिका रंग यांचे वेगवेगळे ठसे करायचे. हे रंग एकमेकांवर हलक्या हातानं बसले की मलमलीचा पांढरा कागदासारखा कोरा राहत नाही, त्यात किंचित ऊब येते.

आता कपड्यांकडे बघू. ग्रीनवेच्या मुलींच्या झग्याची कंबर काखेच्या जरा खाली असते. तिथून कापड सरळ पायघोळ सुटतं. बाही छोटी, फुग्याची. कंबरेला रुंद पट्टा, मागे त्याची गाठ. डोक्याला चुणीदार मॉब कॅप किंवा बॉनेट. आपल्या तान्ह्या बाळाचं टोपडं मोठ्या मुलीला बसेल एवढं केलं तर जवळपास तसंच दिसेल. मुलांच्या अंगावर ‘स्केलेटन सूट’, म्हणजे आखूड जाकीट आणि त्यालाच गोलाकार बटणांनी अडकवलेली लांब तुमान. हा सगळा बाज १८०० च्या आगेमागचा. म्हणजे १८७९ चं मूल पुस्तकात आपल्या आजीचं बालपण पाहत होतं. पेरोच्या राजपुत्रासारखंच, फक्त त्या मुलाला ते जुनाट वाटलं नाही, हवंहवंसं वाटलं.

या झग्यांच्या मागे आपणही आहोत. १८०० च्या सुमाराला युरोपातल्या बायकांच्या अंगावर जी पांढरी शुभ्र, अंगालगत पडणारी मलमल आली तिचं सगळ्यांत तलम रूप बंगालचं होतं. ढाक्याच्या विणकरांच्या हातचं. त्या मलमलीशिवाय ती उंच कंबर आणि ती सरळ झुळूक शक्य नव्हती, कारण जाड कापड तिथून असं सुटत नाही, फुगतं. पुढे स्कॉटलंडच्या आणि लँकेशरच्या गिरण्यांनी मलमलीची नक्कल केली आणि मूळच्या विणकरांच्या पोटावर पाय आला. ग्रीनवेच्या चित्रात हे काही नाही. पण कापडाची पडण त्या मुळाची साक्ष देते.

तिची चित्रं खरी आहेत का, म्हणजे तो झगा शिवता येईल का, हे मला पाहायचं होतं. माझ्याकडे त्या पुस्तकाची पुनर्मुद्रित प्रत आहे. ती मी नाशिकमध्ये शिवणवर्ग चालवणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी ग्रीनवेचं नाव ऐकलेलं नव्हतं. चष्मा लावून त्यांनी आधी मुलीचा चेहरा नाही, मुंढा पाहिला. मग बोटानं योकची रेघ दाखवली. इथं कापड जोडलंय, घेर दोन्ही बाजूंनी सारखा वाटलेला नाही, मधल्या भागात चुण्या दाट आहेत, म्हणून पुढून भरीव आणि बगलेत सपाट दिसतं. मूल धावलं तरी काखेत कापड गोळा होणार नाही. घेराच्या खाली दोन आडव्या रेषा होत्या. मी त्यांना नक्षी समजत होते. बाईंच्या मते त्या आत घेऊन टीप मारलेल्या दुमडी, मूल वाढलं की एकेक उसवायची, एका झग्यात तीन वर्षं निघतात. पट्टा कशालाच धरून नाही, नुसता शोभेचा आहे, हेही त्यांनी ओळखलं. मग खडू घेऊन त्यांनी वर्तमानपत्रावर बेत काढून दाखवला. बाही मात्र त्यांना पटली नाही. एका चित्रात हात वर उचललेला आहे आणि खांद्याची शिवण जागची हललेली नाही, असं होत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. कलासमीक्षकांनी ग्रीनवेवर पुष्कळ लिहिलं आहे. त्या खांद्याच्या शिवणीबद्दल मी कुठे वाचलेलं नाही.

या चित्रांचा परिणाम ताबडतोब शिंप्याच्या दुकानात दिसला. त्या काळातल्या चांगल्या घरच्या इंग्रज मुलींना मोठ्या बायकांच्या फॅशनची छोटी आवृत्ती घालत. आत ताठ चोळी, मागे उंचावलेला घेर, जड लोकर, घट्ट बाह्या. पोशाखसुधारणेची चळवळ नुकती जोर धरत होती. कंबर आवळल्यानं काय बिघडतं यावर डॉक्टर आणि कलावंत दोघं बोलत होते. अशात आयांच्या हाती हे पुस्तक पडलं. मूल मोकळं दिसतंय, गोड दिसतंय आणि वर सुसंस्कृतही दिसतंय, म्हणून त्यांना तसा झगा हवा झाला. लंडनच्या लिबर्टी या दुकानानं १८८४ मध्ये वास्तुरचनाकार ई. डब्ल्यू. गॉडविन यांच्या देखरेखीखाली पोशाखाचा विभाग उघडला आणि ग्रीनवेच्या धाटणीचे मुलांचे कपडे लिबर्टीत मिळू लागले. फ्रान्समध्ये या वेडाला तिच्या नावावरून ‘ग्रीनविझ्म’ म्हणू लागले.

त्या कपड्यांतला स्मॉक मला विशेष आवडतो, कारण त्याचं सौंदर्य त्याच्या कामातून आलेलं आहे. कापडावर सारख्या अंतरावर ठिपके घ्यायचे, ठिपक्यांवरून धावदोरे घालायचे, सगळे दोरे एकदम ओढले की बारीक नळ्यांसारख्या चुण्या उभ्या राहतात. त्या चुण्यांच्या माथ्यावरून मग भरतकाम करायचं आणि आतले दोरे काढून टाकायचे. राहतं ते असं कापड जे छातीवर बसतं आणि हात पसरला की ताणतं. इलास्टिक स्वस्त होण्याच्या आधी शेतमजुराला वाकायला, ओझं उचलायला याचा उपयोग. मजुराचा हा अंगरखा चित्रातून गेला आणि श्रीमंतांच्या मुलांच्या अंगावर चढला. आपल्याकडे आजही लहान मुलींच्या फ्रॉकवर स्मॉकिंग करतात.

ग्रीनवेवर माझा जीव आहे, तरी तिची उणीव लपवण्यासारखी नाही. तिची मुलं क्वचितच काही करतात. चालतात, हात धरतात, चहा पितात, बघत राहतात. चेहरे एकसारखे. समीक्षक जॉन रस्किन तिचा मोठा चाहता. १८८३ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात त्यानं तिचा गौरव केला आणि खासगी पत्रांतून तो तिच्या मागे लागला की पाय नीट काढ, बूट नीट काढ, निसर्गावरून अभ्यास कर. पायांबद्दल त्याचं म्हणणं खरं होतं. झग्याखालून डोकावणारी तिची पावलं टोकदार आणि निर्जीव आहेत. जिथं कापड संपतं तिथं तिचं ज्ञान संपतं. १८८८ मध्ये तिनं कवी ब्राउनिंगच्या हॅमेलिनच्या पुंगीवाल्याला चित्रं काढली. उंदरांनी गांजलेलं मध्ययुगीन शहर, फसवणारा नगराध्यक्ष, मुलांना घेऊन डोंगरात नाहीसा होणारा माणूस. काळीज हलावं अशी गोष्ट. चित्रं देखणी आहेत, पण मुलं पुंगीमागे निघतात ती बागेत फिरायला निघाल्यासारखी. कपडा इथं गोष्टीला थंड करतो.

१८९० नंतर तिची मागणी ओसरली. दरवर्षी निघणारी छोटी पंचांगं १८९७ च्या अंकानंतर थांबली. १९०१ मध्ये ती गेली. ब्रिटनमधल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं १९५५ मध्ये मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांसाठी तिच्या नावानं पदक सुरू केलं.

याच एडमंड इव्हान्सच्या छापखान्यातून आणखी एक मुलगी बाहेर पडली. जॉन टेनियलनं १८६५ मध्ये काढलेली ॲलिस काळ्यापांढऱ्या रेषांची होती. अंगावर तेव्हाच्या मध्यमवर्गीय मुलीचा रोजचा झगा, वरून पिनाफोर, म्हणजे कपडे मळू नयेत म्हणून बांधायचं आवरण, त्याला खिसे. डोक्यावरचा पट्टा, ज्याला आज ‘ॲलिस बँड’ म्हणतात, तो दुसऱ्या भागातल्या चित्रांत आला. १८९० मध्ये अगदी लहानांसाठी ‘द नर्सरी ॲलिस’ इव्हान्सच्या छापखान्यातून रंगीत निघालं. त्याचे पहिले छापील ताव ॲलिसचा लेखक लुईस कॅरल याला फार भडक वाटले आणि त्यानं ते नाकारले. त्या रंगीत आवृत्तीत ॲलिसचा झगा पिवळा आहे, निळी आहे ती पट्ट्याची गाठ. निळा झगा नंतर रुळला आणि डिस्नेच्या १९५१ च्या चित्रपटानं तो कायमचा केला. टेनियलच्या चित्रात मला भावतो तो पिनाफोर. ॲलिस अद्भुत प्रदेशात पडते ती घरातले रोजचे कपडे घालून. म्हणून भोवतालचं सगळं अद्भुत ठरतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत वारं पॅरिसकडून आलं. १९०९ पासून दियागिलेव्हच्या रशियन बॅलेनं तिथं रंगांचा धुमाकूळ घातला. पॉल प्वारे या शिंप्यानं बायकांना कोर्सेटमधून सोडवलं आणि आपले बेत चित्रकारांकडून पुस्तकरूपात काढून घेतले. १९१२ मध्ये ‘गॅझेट द्यू बाँ ताँ’ हे फॅशनचं मासिक निघालं, ज्याची चित्रं साच्यावरून हातानं रंगवलेली असत. या हवेत एडमंड द्युलाक, काय नील्सन, हॅरी क्लार्क यांनी परीकथा रंगवल्या. नील्सनचं १९१३ चं ‘इन पावडर अँड क्रिनोलिन’ पाहावं. अठराव्या शतकाचे रुंद घेर अर्धं पान व्यापतात, माणसाचं डोकं लिंबाएवढं. ती चित्रं मी तासन्‌तास पाहू शकते. पण ती पुस्तकं भेटीदाखल देण्याची, महाग, चिकटवलेल्या चित्रांवर पातळ कागद घातलेली. मुलांच्या हाती ती कुणी सुखासुखी दिली नसतील. पहिल्या महायुद्धानं त्या बाजाराची कंबर मोडली.

आणि मग फॅशननंच गोष्ट हाती घेतली. डिसेंबर २००३ च्या अमेरिकन ‘व्होग’मध्ये छायाचित्रकार ॲनी लीबोविट्झ आणि संपादक ग्रेस कॉडिंग्टन यांनी ॲलिस उभी केली. मॉडेल नतालिया वोद्यानोवा ॲलिस झाली आणि भोवतीची पात्रं खुद्द फॅशनकारांनी वठवली. टॉम फोर्ड पांढरा ससा, जॉन गालियानो बदामची राणी, टोप्या करणारे स्टीफन जोन्स अर्थातच टोपीवाले. कपडे सगळे निळे, प्रत्येकाची धाटणी वेगळी. ते काम कसबाचं आहे यात शंका नाही आणि टेनियलच्या चित्रांचा अभ्यास त्यात दिसतो. तरी त्यातली ॲलिस मला परकी वाटते. गोष्टीतली ॲलिस प्रश्न विचारते, वाद घालते, रागावते. ही मुलगी कपडे सांभाळून उभी आहे. झगा कितीही सुंदर असो, त्याच्यामुळे गोष्टीत काही घडत नसेल, तर तो हँगरला असता तरी चाललं असतं.

झग्यामुळे गोष्टीत काही घडणं म्हणजे काय, हे ज्या बाईनं सगळ्यांत नीट दाखवलं ती बिआट्रिक्स पॉटर. जन्म १८६६, लंडनचं केन्सिंग्टन. घरात पैसा कापसाचा. आजोबा एडमंड पॉटर यांचा डर्बीशरमध्ये डिंटिंग व्हेलला कापडछपाईचा प्रचंड कारखाना होता आणि आईचं माहेरही कापसाच्या व्यापारातलं. बिआट्रिक्स जन्मली त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं. त्या चार वर्षांत तिकडचा कापूस अडला आणि लँकेशरच्या भुकेल्या गिरण्यांसाठी वऱ्हाड-खानदेशातल्या गाठी मुंबई बंदरातून रवाना झाल्या. त्या पैशानं मुंबई फुगली आणि १८६५ मध्ये फुटलीही. पॉटरांच्या घरातली सुबत्ता त्याच धंद्यातली.

तिचा पीटर रॅबिट सगळ्यांना माहीत आहे. निळं जाकीट, पितळी बटणं. हे जाकीट नुसतं गोंडस म्हणून घातलेलं नाही. मॅग्रेगरच्या बागेतून पळताना पीटर जाळ्यात अडकतो तो जाकिटाच्या मोठ्या बटणांमुळे आणि सुटतो तो जाकीट सोडून. कपडे असेपर्यंत तो आईचं न ऐकणारा पोरगा असतो; कपडे गळताच चार पायांवर पळणारा ससा होतो. मागे राहिलेलं जाकीट आणि बूट मॅग्रेगर बुजगावण्याला घालतो आणि १९०४ च्या पुढच्या पुस्तकात तेच परत आणायला जायचं असतं. एका जाकिटावर दोन गोष्टी उभ्या राहिल्या.

पण पॉटरचं स्वतःचं सगळ्यांत आवडतं पुस्तक दुसरं, ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’. नात्यातल्या बहिणीकडे ग्लॉस्टरजवळ राहायला गेली असताना तिनं गावातल्या एका शिंप्याची हकिगत ऐकली. नगराध्यक्षाचे कपडे अर्धवट टाकून तो घरी गेला आणि परत आला तर काम पूर्ण झालेलं, एक काज तेवढं राहिलेलं. खऱ्या हकिगतीत ते त्याच्या हाताखालच्या कारागिरांचं काम होतं. पॉटरनं ते उंदरांना दिलं. डिसेंबर १९०२ मध्ये तिनं स्वतःच्या खर्चानं ५०० प्रती छापल्या आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं पुस्तक बाजारात आणलं.

गोष्ट तिनं मागे नेली, तलवारी आणि टोप लावून पुरुष हिंडत त्या काळात. म्हातारा गरीब शिंपी, नाताळच्या दिवशी नगराध्यक्षाचं लग्न, चेरीच्या रंगाच्या रेशमाचा कोट, त्यावर पॅन्सी आणि गुलाबाचं भरतकाम, साईच्या रंगाचा सॅटिनचा वेस्टकोट. कोटाचे १२ तुकडे, वेस्टकोटाचे ४. अस्तराला पिवळा तलम तफेता. एकवीस काजं करायची आणि त्यासाठी चेरीच्या रंगाचा पिळाचा रेशमी दोरा, जो मांजरानं चहाच्या किटलीत लपवलेला असतो. शिवणाऱ्या माणसाची काळजी काय असते, हे मुलांच्या पुस्तकात इतक्या अचूकपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही. महाग कापड दुसऱ्याचं आहे, दोरा संपलाय, ताप चढलाय आणि मुदत उद्याची आहे. शिंप्याच्या बेतण्यातून उरतात त्या एवढ्याशा पट्ट्या. त्या उंदरांच्या कपड्यांपुरत्याच, असं तो पुटपुटतो. आणि उंदीर खरोखरच त्या चिंध्यांचे कपडे घालून येतात.

या चित्रांसाठी पॉटर आपल्या घराजवळच्या संग्रहालयात गेली. त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट झालं होतं, तरी लोक साउथ केन्सिंग्टनच म्हणत. अठराव्या शतकातले कपडे तिथं होते, पण अंधाऱ्या कोपऱ्यात. मार्च १९०३ मध्ये तिनं आपला संपादक नॉर्मन वॉर्नला आनंदानं कळवलं, की हवा तो कपडा कार्यालयातल्या टेबलावर काढून ठेवायला तिथला कारकून तयार आहे. म्हणजे काचेतून पाहिलेला पोशाख तिनं चितारला नाही. कपडा हाताच्या अंतरावर, उजेडात, उलटसुलट पाहता येईल असा तिच्यासमोर होता.

अशा वेस्टकोटाची घडण जाणून घेतली की तिच्या चित्राची खोली कळते. त्या काळी भरतकाम आधी व्हायचं, शिवण नंतर. अखंड रेशमावर वेस्टकोटाची रूपरेषा आखत, त्या आखणीत पुढच्या कडेनं उतरणारी वेल, खिशाच्या झडपेवरची फुलं, इतकंच काय बटणांवर मढवायचे छोटे गोलही भरत. मग तो भरलेला कपडा शिंप्याकडे येई आणि त्यानं आखणीवर कात्री चालवायची. चूक झाली तर आठवड्यांचं काम फुकट. पॉटरच्या चित्रात वेल कडेशी समांतर चालते, काजाशी येऊन थांबते, झडपेवरची फुलं खालच्या अंगावरच्या फुलांशी जुळतात. संग्रहालयातला तो वेस्टकोट आजही आहे आणि पुस्तक शेजारी धरलं तर टाके ओळखू येतात. चित्रं जेमतेम तळहाताएवढी.

शिंप्याचं बसणं तिनं कसं मिळवलं, त्याचीही एक हकिगत सांगतात. कोटाचं बटण मुद्दाम तोडून ती चेल्सीतल्या एका शिंप्याकडे गेली आणि तो ते लावून देईपर्यंत त्याचं मांडी घालून बसणं, हत्यारं, दोऱ्याची रिळं डोळ्यांत साठवत राहिली. पुस्तकात एक उंदीर रिळावर बसून वर्तमानपत्र वाचतो आहे. ते ‘द टेलर अँड कटर’ आहे, शिंपीकामाच्या धंद्याचं खरोखरचं पत्र. पुस्तक छापून झाल्यावर पॉटरनं एक प्रत चेल्सीच्या शिंप्याला नेऊन दिली. ती त्याच्याकडून धंद्यातल्या माणसांपर्यंत पोचली आणि २४ डिसेंबर १९०३ च्या ‘द टेलर अँड कटर’मध्ये अभिप्राय आला. बेतकाम, कापड आणि दर यांच्या मजकुरात त्या धंदेवाईक पत्रानं मुलांच्या या पुस्तकाला जागा दिली आणि शिंपीकामाशी संबंधित आपण वाचलेली ही सर्वांत देखणी गोष्ट, असं म्हटलं. पॉटरला या अभिप्रायाचा मोठा आनंद झाला. मूळ जलरंग चित्रं आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत.